टिपूचा वाघ, मैसूरचा अग्निबाण आणि एक सिमकार्ड : पाश्चात्त्य नजरेतील मुसलमान

हे टिपण सहाव्या सत्रातील मानव्यविद्या या ऐच्छिक विषयाच्या एका तासाचे आहे. तास इंग्रजीत होतो, पण वर्गात बेळगाव, निपाणी, खानापूर या बाजूची मुले दरवर्षी असतात, आणि मराठीत वाचायला काहीतरी द्या असे ती म्हणतात. त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहून काढले. अभ्यासक्रमातील शीर्षक असे : पाश्चात्त्य संस्कृतीतील अरब व मुसलमान यांच्याविषयीचे ठोकळेबाज समज. यासाठी बहुतेक पाठ्यपुस्तके हॉलिवूडच्या चित्रपटांची यादी देतात. ती मी लवकर उरकणार आहे. त्याहून बोलकी उदाहरणे आपल्याला शहर बसने गाठता येतील इतकी जवळ आहेत.

आधी शब्द पाहू. 'स्टिरिओटाइप' हा मुळात छापखान्यातला शब्द. खिळे एकेक जुळवून पान तयार करायचे, त्याचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यात धातू ओतून अख्ख्या पानाचा एकसंध पत्रा पाडायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील मुद्रक दिदो याने या प्रकाराला हे नाव दिले. फायदा असा, की खिळे अडकून न पडता हजारो प्रती निघतात. तोटा असा, की एक खिळाही नंतर बदलता येत नाही, आणि चूक राहिली तर तीही हजारो वेळा छापली जाते. पुढे १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने माणसांच्या डोक्यात बसलेल्या चित्रांसाठी हाच शब्द वापरला आणि तो रूढ झाला. मराठीत आपण 'साचा' म्हणतो, तेही चालेल. यंत्रशाखेच्या मुलांना साच्याविषयी मी अधिक काय सांगावे! या तासात प्रत्येक उदाहरणाला आपण एकच प्रश्न विचारू : नवी माहिती हाती आल्यावर खिळा बदलला का?

आता ती यादी. अरब आणि मुसलमान हे एकच, हा पहिला घोटाळा. जगातील सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या इंडोनेशियात आहे आणि तिथले लोक अरब नाहीत. इराणी अरब नाहीत, तुर्क अरब नाहीत. उलट अरबांमध्ये ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत. कवी खलील जिब्रान ख्रिस्ती, आणि ज्यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथामुळे हा विषय विद्यापीठांत शिकवला जाऊ लागला ते एडवर्ड सईदही पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबातले. जॅक शाहीन या अभ्यासकाने नऊशेहून अधिक चित्रपट तपासून २००१ मध्ये दाखवून दिले, की हॉलिवूडचा अरब ठरावीक चार-पाच वेषांतच येतो : वाळवंटातला लंपट शेख, तेलाचा पैसा उधळणारा गडगंज, तलवार उपसलेला खुनी आणि अलीकडे बॉम्बवाला. पडद्यावरचे हे वेष प्रत्यक्ष बातमीतही शिरतात. १९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये स्फोट झाला, तेव्हा पहिला संशय मध्यपूर्वेकडे वळला. करणारा निघाला टिमथी मॅकव्हे, अमेरिकी सैन्यातला माजी शिपाई. यादी इथे थांबवतो. हवी त्यांनी वाढवावी.

आपल्या गावाकडे येऊ. कृष्णराज मार्केटच्या गर्दीत, वाहनांच्या धुरात बेंगळुरूच्या किल्ल्याचा एक तुकडा शिल्लक आहे. तिथल्या भिंतीत इंग्रजी पाटी आहे : २१ मार्च १७९१ रोजी इंग्रजांनी याच भगदाडातून हल्ला केला. किल्ला कोणाचा होता, आत कोण मेले, यावर पाटी गप्प आहे. जवळच टिपूचा उन्हाळी महाल आहे. सागवानी खांबांचा, देखणा. तिथे दरवर्षी एक प्रश्न येतो : "सर, तो वाघ इथे आहे का?" नाही. तो लंडनमध्ये, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

वाघ लाकडी आहे. रंगवलेला, सुमारे पावणेदोन मीटर लांब. खाली एक युरोपीय माणूस उताणा पडला आहे आणि वाघाने त्याच्या गळ्याला तोंड घातले आहे. बाजूला दांडा आहे. तो फिरवला की आतले भाते हलतात, माणसाचा हात वरखाली होतो, त्याच्या गळ्यातल्या नळीतून विव्हळ निघते आणि वाघाच्या डोक्यातल्या नळ्यांतून गुरगुर. एवढे सर्वांना माहीत असते. बहुतेकांना माहीत नसते ते हे, की वाघाच्या कुशीतले झाकण उघडले तर आत अठरा बटणांची पेटी आहे. म्हणजे हे वाजवायचे वाद्यही आहे. एकाच दांड्यावर वेगवेगळ्या गतीने चालणारे भाते, त्यांना जोडलेला हात आणि शिवाय स्वतंत्र सूर, हे साधे काम नव्हे. घडण आणि रंगकाम भारतीय, यंत्राच्या भागात फ्रेंच कारागिरांचा हात असावा असे अभ्यासक मानतात. मी तर हे आधी यंत्रशास्त्राचा नमुना म्हणून शिकवतो.

४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि महालातल्या वाद्यांच्या दालनात हा वाघ सापडला. तो लंडनला पाठवताना कंपनीच्या लोकांनी सोबत जे वर्णन दिले त्याचा मथितार्थ असा : टिपूच्या उद्धटपणाचे आणि रानटी क्रौर्याचे हे स्मारक आहे, लंडनच्या टॉवरमध्ये ठेवण्याजोगे. टॉवरमध्ये तो गेला नाही. १८०८ पासून कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीत तो लोकांसाठी मांडला गेला. लोक येत, दांडा फिरवत, आणि शेजारी वाचत बसलेले अभ्यासक आवाजाने वैतागत. कीट्सने हा वाघ पाहिला होता असे मानतात, आणि त्याच्या एका अपुऱ्या कवितेत त्याचा उल्लेख आहे.

आता वाघाचे वाचन करू. गोऱ्या माणसाला वाघ खातो आहे. हे क्रौर्याचे चिन्ह म्हणावे का? टिपूला इंग्रज शत्रू वाटत होते आणि ते त्याने लपवलेही नव्हते. वाघ हे त्याचे राजचिन्ह होते : सिंहासनावर वाघ, तोफांवर वाघ, शिपायांच्या कपड्यांवर वाघाचे पट्टे. केट ब्रिटलबँक या इतिहासकार दाखवतात, की हे चिन्ह त्याने ज्या मातीतून उचलले तिथे ते आधीच रुजलेले होते. चोळांच्या मुद्रेवर वाघ आहे, होयसळांच्या मंदिरांवर वाघाशी झुंजणारा वीर आहे, देवीचे वाहन वाघ आहे आणि दख्खनच्या पिरांच्या कथांतही वाघावर बसून येणारे अवलिये आहेत. हिंदू प्रजेला आणि मुसलमान प्रजेला एकाच वेळी कळेल असे ते चिन्ह होते.

इथे वर्गात मी दुसरी एक वस्तू दाखवतो. श्रीरंगपट्टणच्या विजयानंतर कंपनीने आपल्या सैनिकांसाठी पदके काढली. ती बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या टांकसाळीत पाडली गेली. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटचा भागीदार तो हाच बोल्टन. पदकावर चित्र काय? खाली वाघ पडला आहे आणि ब्रिटिश सिंह त्याच्यावर चढून त्याला फाडतो आहे. मांडणी जवळपास तीच, फक्त जागा बदललेल्या. हे पदक मात्र शौर्याचे. ते मानाने छातीवर लावले गेले, आणि त्यात कोणी रानटीपणा वाचला नाही. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून मुलांना पाच मिनिटे काही न बोलता पाहू द्यावे, असे मी नव्या शिक्षकांना सुचवीन.

साहित्याकडे वळू, कारण साचा टिकवण्याचे काम संग्रहालयापेक्षा कादंबरीने अधिक केले. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८) श्रीरंगपट्टणच्या लुटीपासूनच सुरू होते. पण आपल्यासाठी महत्त्वाची आहे वॉल्टर स्कॉटची 'द सर्जन्स डॉटर' (१८२७), कारण तिचा शेवट चक्क बेंगळुरूत घडतो. स्कॉट भारतात कधी आला नव्हता. भारतात राहून आलेल्या एका मित्राकडून त्याने तपशील घेतले. गोष्ट अशी : रिचर्ड मिडलमस हा स्कॉटिश तरुण पैशासाठी आणि पदासाठी आपल्या वाग्दत्त वधूला, मेनी ग्रेला, भारतात बोलावून घेतो. बेत असा, की तिला टिपूच्या हवाली करायचे आणि बदल्यात बेंगळुरूच्या किल्ल्याची अधिकारपदवी मिळवायची. ऐन वेळी फकिराच्या वेषातला हैदरअली प्रकट होतो, मुलीला सोडवतो, आणि मिडलमसला हत्तीच्या पायाखाली देतो.

या कादंबरीला सरळ 'मुसलमानद्वेष्टी' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण तो आळशीपणा होईल. नीट वाचले तर सर्वांत नीच माणूस तिच्यात गोराच आहे. मुलगी विकायला काढणारा मिडलमस आहे आणि न्याय करणारा हैदर. ज्या फकिराला डॉक्टर हार्टली बरे करतो तो उपकार विसरत नाही. स्कॉट मनाने उमदा लेखक होता आणि ते इथेही दिसते. तरीही खिळा बदलत नाही. टिपूच्या वाट्याला काय येते? गोऱ्या स्त्रीची लालसा, एवढेच. हैदरच्या न्यायाला कायदा नाही, पंच नाहीत, अपील नाही. आहे ती लहर आणि हत्ती. चांगला पौर्वात्य राजासुद्धा लहरीनेच चांगला असतो, असा तो साचा आहे. प्रत्यक्षात याच दरबारातून महसुलाचे हुकूम, व्यापारी कोठ्यांचे नियम, रेशीम वाढवण्याच्या सूचना निघत होत्या. टिपूची अशी पत्रे कर्कपॅट्रिकने भाषांतर करून १८११ मध्ये लंडनलाच छापली होती. म्हणजे कादंबरीच्या सोळा वर्षे आधी माहिती छापून तयार होती. पण कचेरीतला टिपू कथेला नको होता. बागेत मुलीची वाट पाहणारा हवा होता.

चित्रकलेचे दोन ओळींत सांगतो. १७९२ च्या तहानंतर टिपूचे दोन लहान मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या ताब्यात गेले. रॉबर्ट होमसह अनेकांनी तो प्रसंग रंगवला, आणि सगळ्या चित्रांत कॉर्नवॉलिस मुलांचा हात धरणारा वत्सल बाप झाला आहे. ओलीस कोणी मागितले, हा प्रश्न चित्रापुढे उभे राहून सुचत नाही.

आता अग्निबाण. मैसूरच्या सैन्यातील अग्निबाणांची नळी लोखंडी होती. नळी लोखंडी असली की आत अधिक दाब धरून ठेवता येतो, म्हणून पल्ला वाढतो. १७८० च्या पोळिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या तुकडीचा जो धुव्वा उडाला त्यात या अग्निबाणांचा वाटा होता. १७९९ नंतर ते वुलिचच्या शस्त्रागारात पोचले, आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून प्रयोग करून आपले अग्निबाण बनवले. १८०७ मध्ये कोपनहेगनवर तेच पडले, १८१४ मध्ये बॉल्टिमोरवर तेच, आणि अमेरिकेच्या राष्ट्रगीतात ज्यांच्या उजेडाचा उल्लेख आहे तेही हेच. पण जगाच्या तोंडी नाव बसले 'काँग्रीव्ह रॉकेट'. काँग्रीव्हने सुधारणा केल्या, त्याचे श्रेय त्याला द्यावेच. तरी एकाच शहरातून, एकाच लुटीत गेलेल्या दोन वस्तूंचे काय झाले पाहा. वाघावर टिपूचे नाव राहिले आणि अग्निबाणावरचे पुसले गेले. खेळण्यात क्रौर्य दिसले, म्हणून ते त्याच्या स्वभावाचा पुरावा झाले. अग्निबाणात बुद्धी दिसली, ती मात्र कोणाच्याच स्वभावाचा पुरावा झाली नाही. डॉ. अब्दुल कलामांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की अमेरिकेत वॉलप्स येथील नासाच्या केंद्रात त्यांनी टिपूच्या सैन्याच्या अग्निबाणांचे चित्र भिंतीवर पाहिले. खिळा बदलल्याचे हे एक उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे जुन्या विहिरीच्या गाळातून अशा हजाराहून अधिक नळ्या निघाल्या. गंजलेल्या, पण मोजता येतील अशा.

इथे एखादा विद्यार्थी हात वर करतोच : "मग टिपू क्रूर नव्हता का?" होता. कोडगू आणि मलबारमध्ये त्याच्या सैन्याने जे केले, मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना १७८४ मध्ये ज्या रीतीने हाकून श्रीरंगपट्टणला नेले, इंग्रज कैद्यांचे जे हाल झाले, ते खोटे नाही, आणि त्या घराण्यांच्या आठवणी अजून जाग्या आहेत. साच्याची तक्रार करताना ही पाने फाडायची नसतात. आक्षेप आहे तो या कृत्यांचे कारण त्याच्या धर्मात शोधण्याला, आणि तेच काम दुसऱ्याने केले की कारण राजकारणात शोधण्याला. आपल्या मराठी मुलांना हे जरा टोचेल असेच सांगावे लागते. १७९१ मध्ये, बेंगळुरू पडल्यानंतर थोड्याच दिवसांत, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या मूर्तीची विटंबना झाली. स्वामींनी टिपूला लिहिले, आणि टिपूने पुनःस्थापनेसाठी मदत पाठवली. ही पत्रे मैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याला १९१६ मध्ये मठात मिळाली. ती कन्नडमध्ये आहेत. त्यात टिपूचा धोरणीपणाही असेल, राजा होता तो. पण शृंगेरीच्या लुटीवरून 'मराठ्यांचा धर्मच लुटारू' असे कोणी म्हटले तर आपण काय म्हणू? शिपाई पगाराविना होते, पेंढारी सोबत होते, भाऊंना हे मान्य नव्हते. ही सगळी कारणे आपल्याला तोंडपाठ असतात. तीच सवलत दुसऱ्यांना देताना हात आखडतो.

खरे तर साचा न वापरण्याचा अनुभव मराठीला जुना आहे. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. त्याच शहाजीराजांनी आदिलशाहीचे सरदार म्हणून याच बेंगळुरूत दरबार भरवला. शिवाजीनगरच्या बाजारात आजही दखनी बोलणारा माणूस 'नक्को' म्हणतो, आणि 'वैसाच', 'अबीच' म्हणताना जो 'च' लावतो तो मराठीचा आहे. मुले हे ऐकून हसतात आणि दुसऱ्या दिवशी नवे शब्द गोळा करून आणतात.

शेवटचे उदाहरण अलीकडचे आहे, आणि यातली वस्तू सर्वांत लहान. ३० जून २००७ ला ग्लासगो विमानतळावर पेटती जीप घुसवण्यात आली. ती चालवणारा कफील अहमद बेंगळुरूचा, शिक्षणाने इंजिनिअर. पुढे तो भाजल्यानेच मेला. इंजिनिअरिंगच्या शिक्षकाला ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. त्याचा दूरचा नातेवाईक डॉ. मोहम्मद हनीफ तेव्हा ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात काम करत होता. २ जुलैला ब्रिस्बेन विमानतळावर त्याला अटक झाली. वर्षभरापूर्वी इंग्लंड सोडताना त्याने आपले सिमकार्ड कफीलच्या भावाला देऊन टाकले होते. बारा दिवस आरोप न ठेवता त्याला डांबले आणि मग दहशतवादी संघटनेला बेफिकिरीने मदत केल्याचा आरोप ठेवला. न्यायालयात सांगण्यात आले, की ते सिमकार्ड जीपमध्ये सापडले. १६ जुलैला दंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला, तर काही तासांत मंत्र्यांनी 'चारित्र्या'च्या कारणावरून व्हिसा रद्द केला.

सिमकार्ड जीपमध्ये नव्हतेच. ते लिव्हरपूलमध्ये, कफीलच्या भावाजवळ मिळाले होते. एकेरी तिकीट काढून तो पळत होता, हा दुसरा मुद्दा. त्याला मुलगी झाली होती, बायको बेंगळुरूत होती आणि तिकीट सासऱ्यांनी काढून दिले होते. हे त्याने पहिल्याच जबानीत सांगितले होते, पण पोलिसांच्या शपथपत्रात 'स्पष्टीकरण दिले नाही' असे उतरले. इथे साचा कसा चालतो ते अगदी उघडे दिसते. सिमकार्ड देणे, एकेरी तिकीट काढणे, नातेवाइकाशी बोलणे, यांतली प्रत्येक गोष्ट वर्गातल्या निम्म्या मुलांनी केलेली असते. नाव वाचून झाल्यावर मात्र त्यांचा अर्थ बदलतो. वाघाच्या खाली चिठ्ठी लावली होती, तशी.

पण याही गोष्टीत 'पाश्चात्त्य' हा एकसंध पत्रा नव्हे. जबानीची प्रत वृत्तपत्राकडे पोचवण्याचा धोका पत्करला तो हनीफच्या ऑस्ट्रेलियन बॅरिस्टरने, स्टीफन कीम यांनी. सिमकार्डची खरी जागा शोधली ऑस्ट्रेलियन पत्रकाराने. २७ जुलैला खटला मागे घेतला गेला आणि ऑगस्टमध्ये व्हिसा रद्द करण्याचा आदेश तिथल्याच फेडरल कोर्टाने फिरवला. सरकारने नेमलेल्या क्लार्क चौकशीचा अहवाल २००८ च्या डिसेंबरमध्ये आला, त्यात त्याच्याविरुद्ध काही सिद्ध झाले नाही, आणि २०१० मध्ये भरपाई दिली गेली. खिळा बदलला, उशिरा का होईना. आपल्याकडे अशा किती प्रकरणांत अहवाल येतात, हे मुलांनी स्वतः शोधावे. मी उत्तर देत नाही.

काही वर्षांपूर्वी यंत्रशाखेच्या एका मुलाने माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मागितला होता. मैसूरच्या अग्निबाणाच्या नळीतील दाब आणि पल्ला यांचे संगणकीय विश्लेषण. नगरला सापडलेल्या नळ्यांची मोजमापे तो मिळवणार होता. विषय मला फार आवडला. आठवड्याने त्याच्या वडिलांचा फोन आला. अतिशय अदबीने बोलत होते. म्हणाले, "सर, मुलाला पुढे एमएसला जायचे आहे. व्हिसाच्या वेळी प्रकल्पाचे नाव विचारतात म्हणे. आमच्या नावापुढे रॉकेट हा शब्द नको." मी म्हणालो, अहो, दोनशे वर्षांपूर्वीचा अग्निबाण आहे तो. ते म्हणाले, "ते तुम्हाला माहीत, मला माहीत."

प्रकल्प झाला. गणित तेच, नळीही तीच. मुखपृष्ठावर शीर्षक छापले : 'पातळ भिंतीच्या लोखंडी नळकांड्यातील अंतर्गत दाबाचे विश्लेषण'. मैसूरचे नाव त्यात कुठेच नव्हते. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, हे नळकांडे वापरतात कुठे? मुलाने माझ्याकडे पाहिले.